ओरांडा आणि ब्लॅक मूरच्या टाकीत आणखी कोण राहू शकतं?

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: "आमच्याकडे दोन फुटी टाकी आहे. त्यात एक रेड कॅप ओरांडा आणि एक ब्लॅक मूर असे दोन गोल्डफिश. दोघं आठ महिन्यांपासून आहेत, छान खातात. मुलांना टाकी रिकामी वाटते, त्यांना रंगीत मासे हवेत. दुकानदार म्हणतो, टाकी साफ ठेवायला एक सकर टाका आणि शोभेला चार टायगर बार्ब. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं, ठेवायचेच तर शुभ म्हणून आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश ठेवा. गोल्डफिशबरोबर नेमके कोणते मासे चालतात?"

ताई, आधी निकाल सांगते. सकर नको. टायगर बार्ब तर अजिबातच नको. नऊ गोल्डफिश दोन फुटांत राहूच शकत नाहीत. तुमच्या दोघांना सोबती आणायचाच असेल तर तो त्यांच्याच बांध्याचा तिसरा गोल्डफिश असावा, आणि तोही टाकी मोठी केल्यावर. कारणं कळली तर पुढच्या वेळी दुकानात उभ्या उभ्या तुम्हालाच ठरवता येईल, म्हणून सविस्तर लिहिते.

गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा, हे तुम्ही ऐकलं असेलच. खरं आहे. कार्पच्या कुळातला हा मासा चीनमध्ये हजार वर्षांपूर्वीपासून पाळला जातोय आणि १८ ते २३ अंश सेल्सिअसमध्ये तो सगळ्यांत मजेत असतो. एंजल, फायटर, गप्पी यांना त्याहून गरम, २४ ते २८ अंशांचं पाणी लागतं. थंड देशांतल्या पुस्तकांमध्ये या एका मुद्द्यावर निम्मे मासे बाद होतात, कारण तिथे हीटर लावला तर गोल्डफिशला त्रास आणि नाही लावला तर एंजलला. ठाण्यात मात्र टाकीचं पाणी वर्षातले बरेच महिने २६-३० अंशांच्या आसपास असतं. मग दुकानदार सांगतो, "आपल्याकडे सगळे मासे सगळ्यांबरोबर चालतात." गफलत इथेच होते.

गरम पाणी गोल्डफिश सोसतो, पण त्या पाण्यात प्राणवायूच कमी मावतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना तो साडेसातपर्यंत उतरतो. त्याच वेळी गरम पाण्यात माशाचं शरीर जास्त प्राणवायू मागतं, खाणं वाढतं, घाणही वाढते. म्हणजे मे महिन्यात तुमची टाकी मुळातच हातघाईवर असते, आणि त्यात आपण आणखी पाच-सात मासे सोडायचा विचार करत असतो. रात्री वीज गेली आणि एअर पंप दोन-तीन तास बंद पडला, की सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड वर करून उभे दिसतात. आपल्याकडे गोल्डफिशच्या टाकीत गर्दी का करायची नाही, याचं पहिलं कारण हे. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असू द्या. तो फार महाग नसतो आणि एका रात्रीत त्याचे पैसे वसूल होतात.

दुसरं कारण अमोनिया, माशांच्या घाणीतून पाण्यात साचणारं विष. गोल्डफिशला खरं पोट म्हणजे जठर नसतं. अन्न आतड्यातून सरळ पुढे जातं, म्हणून तो दिवसभर काही ना काही शोधत राहतो आणि दिवसभर घाण करतो. कल्ल्यांतूनही सतत अमोनिया बाहेर पडतो. तुमच्या दोन फुटी टाकीची मापं २ × १ × १ फूट अशी असतील तर काठोकाठ भरूनही त्यात जेमतेम ५६ लिटर पाणी बसतं. खडी, सजावट आणि वरची रिकामी जागा वजा केली तर पंचेचाळीसेक लिटर. मी दोन फॅन्सी, म्हणजे तुमच्या दोघांसारख्या गोल बांध्याच्या, गोल्डफिशना किमान १०० ते १२० लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर जादा धरते. या हिशोबाने तुमची टाकी तिथल्या दोघांनाच अपुरी आहे. मासे आज छान खातात हे मला मान्य आहे. पण ओरांडा आणि मूर दोघंही मोठे झाल्यावर सहज १५ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठे होतात, आणि नीट ठेवले तर दहा-पंधरा वर्षं जगतात. आठ महिन्यांचा अनुभव हा त्यातला अगदी सुरुवातीचा तुकडा आहे.

इथे पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, हाही बघायला हवा. २५ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला अर्धा-पाऊण टक्काच विषारी रूपात असतो. तोच पीएच ८ झाला की विषारी भाग ५ टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे नऊपटीहून जास्त. धरणाचं नळाचं पाणी बहुधा मऊ असतं. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर आला किंवा बोअरचं पाणी मिसळलं की पीएच चढतो, आणि काल सहन होत असलेला अमोनिया आज कल्ले जाळतो. "काहीच बदललं नव्हतं, तरी मासे गेले," असं लोक सांगतात, तेव्हा पुष्कळदा पाणी बदललेलं असतं. थेंबांचं टेस्ट किट घ्या. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या खाली, शक्यतो २० च्या आसपास. हे आकडे सलग तीन-चार आठवडे जमले, तरच नव्या माशाचा विचार करायचा.

आता तुमच्या यादीकडे येते.

सकर. दुकानात बोटभर लांबीचा, काचेला चिकटलेला, गरीब दिसणारा मासा. आपल्याकडे या नावाने जो विकतात तो बहुतेक वेळा दक्षिण अमेरिकेतला सेलफिन प्लेको असतो. तो ३० ते ४५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, म्हणजे तुमच्या टाकीच्या लांबीच्या निम्म्याहून जास्त. तो गोल्डफिशची विष्ठा खात नाही. त्या कामासाठी कुठल्याच माशावर विसंबता येत नाही. लहान असताना काचेवरचं शेवाळ खातो, मोठा होत गेला की त्यातही त्याचा रस कमी होतो, आणि स्वतः लांबच लांब दोऱ्यासारखी घाण टाकत राहतो. टाकी साफ करायला आणलेला मासा टाकीतला सगळ्यांत मोठा घाण करणारा होतो.

त्याहून वाईट गोष्ट रात्री घडते. सकर निशाचर आहे. दिवे मालवल्यावर गोल्डफिश तळाशी किंवा कोपऱ्यात जवळजवळ न हलता विसावतात. टाकी टाकून देण्यापूर्वी लोक मला बोलावतात, तेव्हा मी त्यांना अंधार झाल्यावर अर्ध्या तासाने टॉर्च मारून बघायला सांगते. ओरांडा कोपऱ्यात असतो आणि सकर त्याच्या कुशीला तोंड लावून चिकटलेला असतो. माशाच्या अंगावर जो बुळबुळीत संरक्षक थर असतो, तो सकरला पौष्टिक खाणं वाटतो. दुसऱ्या दिवशी उजेडात नीट पाहिलं तर पोटाच्या वरच्या बाजूला रुपयाएवढा मळकट, निस्तेज डाग दिसतो. तिथले खवले किंचित उचललेले असतात आणि कडेला लालसर रेघ असते. लोक त्याला बुरशी समजून निळं औषध टाकत बसतात. डाग बरा होत नाही, कारण करणारा टाकीतच असतो. कॉमेट जातीचा चपळ गोल्डफिश झटका देऊन सुटतो. ओरांडा, मूर, रांचू यांना ते जमत नाही. चायनीज अल्गी ईटर नावाने जो मिळतो, त्याचीही मोठेपणी हीच खोड.

टायगर बार्ब हा मासा मला स्वतःला फार आवडतो, पण त्याच्या जागी. तो दुसऱ्याचे पर कुरतडतो. मोठा थवा असेल तर ही भांडणं बरीचशी आपसांत मिटतात. चारच असतील तर चौघं मिळून टाकीतल्या सगळ्यांत संथ, सगळ्यांत लांब शेपटीच्या माशामागे लागतात. तुमच्याकडे तो ओरांडा आहे. मूरची अवस्था त्याहून बिकट, कारण बाहेर आलेल्या डोळ्यांनी त्याला नीट दिसतच नाही आणि ते डोळेही टोचले जाऊ शकतात. विडो टेट्रा, सर्पे टेट्रा हेही याच सवयीचे. एंजलही लांब परांना टोचा मारतो. फायटर तर या टाकीत येऊच नये: तो गोल्डफिशच्या परांवर जातो किंवा गोल्डफिश त्याच्या, दोन्हीकडून नुकसान ठरलेलं.

मग "लहान, शांत मासे टाकले तर?" असं पुष्कळजण विचारतात. त्यासाठी गोल्डफिश खातो कसा ते एकदा बघून घ्या. सकाळी दाणे टाकायच्या आधी पाच मिनिटं टाकीसमोर बसा. ओरांडा तळाची खडी तोंडात भरतो, आत घोळवतो, काही खडे थुंकतो, काही पुन्हा चघळतो. दात ओठांजवळ नसतात, घशात असतात. तोंडात मावेल ते आत घ्यायचं आणि आत गेल्यावर ठरवायचं, ही त्याची पद्धत. यात राग नसतो, शिकारीचा आवेशही नसतो. निऑन टेट्रा, गप्पी, लहान मॉली, चेरी श्रिम्प हे एके दिवशी असेच "आत जातात". टाकीत दहा गप्पी होते, आता सहाच दिसतात, उडी मारून गेले असतील, असं सांगणाऱ्यांनी आपल्या गोल्डफिशचं पोट बघावं.

गप्पी गेला तर निदान गोल्डफिश वाचतो. कॉरिडोरास आणि ओटो यांच्या बाबतीत दोघंही जातात. हे छोटे मांजरमासे तळाशी राहतात, शांत असतात, म्हणून कित्येक ठिकाणी गोल्डफिशचे सोबती म्हणून सुचवले जातात. त्यांच्या पाठीच्या आणि छातीच्या परांत टणक काटा असतो आणि घाबरल्यावर ते काटे ताठ उभे करून जागच्या जागी अडकवून ठेवतात. गोल्डफिशने खडीबरोबर असा मासा तोंडात घेतला की काटे घशात रुततात. मग तोंडातून नुसती शेपटी बाहेर लोंबताना दिसते. ती धरून ओढली तर काटे आणखी रुततात. काटे आतल्या आत कापून सोडवायचा प्रयत्न केला जातो, पण मासा वाचेल याची खात्री देता येत नाही. मोठे कॉरी मोठ्या टाकीत गोल्डफिशबरोबर वर्षानुवर्षं राहिल्याची उदाहरणं आहेत, हे मान्य. दुकानात मिळतो तो तीन सेंटिमीटरचा कॉरी तुमच्या ओरांडाच्या तोंडासमोर सोडायला मी कधीही सांगणार नाही.

'शार्क' नावाने जी चंदेरी पिल्लं मिळतात, त्यांचा विचार एका वाक्यात संपतो: त्यातला एक म्हणजे आपल्याकडे बासा म्हणून ज्याचे तुकडे विकतात तो पंगास, आणि तो मीटरभर वाढणारा मासा आहे. दुसरा सिल्व्हर शार्क फूटभर होतो आणि सारखा धावत असतो. मिल्की कार्प आणि कोई दिसायला गोल्डफिशच्या नात्यातले, स्वभावानेही गरीब, पण दोन फुटांपर्यंत वाढतात. त्यांची जागा तळ्यात. पॅरट, ऑस्कर, फ्लॉवर हॉर्न यांच्याबद्दल लिहायचीही गरज नाही.

बाहेरच्या देशांतल्या याद्यांमध्ये 'वेदर लोच' आणि 'व्हाइट क्लाउड मिनो' ही दोन नावं हमखास असतात. दोन्ही मुळात पूर्व आशियातले, थंड पाणी मानवणारे, आणि सल्ला त्या त्या हवामानात ठीक आहे. आपल्याकडे वेदर लोच सहसा दुकानात दिसत नाही. लोच मागितला की बोटिया हातात पडतो. बोटियाला डोळ्याखाली काटा असतो आणि त्याला इतरांना सतावायची सवय असते, त्यामुळे नावावर जाऊ नका. व्हाइट क्लाउड जेमतेम चार सेंटिमीटरचा, आणि ठाण्याचा उन्हाळा त्यालाच झेपत नाही.

आपल्या देशातले दोन मासे मात्र खरोखर विचार करण्यासारखे आहेत. एक झेब्रा डॅनिओ, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, १८ ते २५ अंशांत खूश, चपळ. दुसरा रोझी बार्ब, उत्तर भारतातला, सहा-सात सेंटिमीटरचा, थंड-गरम दोन्ही सोसणारा. चार फुटी टाकीत कॉमेट किंवा शुबुंकिन असे चपळ गोल्डफिश असतील तर आठ-दहा रोझी बार्बांचा थवा त्यांच्याबरोबर छान राहतो. कॉमेट त्यांच्याइतकाच पळतो, त्यामुळे कुणी कुणाच्या वाट्याला जात नाही. तुमच्या टाकीत हेच मासे नकोत, कारण ओरांडा आणि मूर त्यांच्यापुढे उपाशी राहतील. मिस केरळ म्हणून जो देखणा लाल पट्ट्याचा मासा मिळतो तोही कुणी सुचवेल. केरळ-कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या वाहत्या नद्यांतला हा मासा, जीवशास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीगटाला नावच 'सह्याद्रिया' दिलंय. तो संकटग्रस्त आहे, त्याला वेगाने पोहायला लांब टाकी लागते, आणि आपल्या संथ फॅन्सी माशांबरोबर त्याची जोडी जमत नाही. त्याला नदीतच राहू द्यावं असं मला मनापासून वाटतं.

गोगलगायी चालतात, पण त्या टिकतीलच असं नाही. लहान गोगलगाय गोल्डफिश खातो. मोठ्या ॲपल स्नेलच्या मिशा कुरतडतो, मग ती बिचारी कवचाबाहेर यायचीच थांबते. नेराइट किंवा खडीत राहणाऱ्या बारीक ट्रंपेट गोगलगायी त्यातल्या त्यात बऱ्या. पण काचेवरचं शेवाळ ही तुमची खरी अडचण असेल तर लोहचुंबकाचा ब्रश घ्या आणि दिवा रोज सात-आठ तासांवर लावू नका. शेवाळासाठी जिवंत प्राणी आणायची गरज नाही.

आता मुख्य मुद्दा. गोल्डफिशचा सगळ्यांत चांगला सोबती गोल्डफिशच. त्याला आपल्या जातीची संगत आवडते, हे टाकीत दुसरा आल्यावर काही दिवसांत दिसतं: दोघं एकत्र खडी उकरतात, एकाच कोपऱ्यात विसावतात. मात्र सगळे गोल्डफिश एकमेकांना चालत नाहीत, आणि ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही, कारण तिथे सगळे एकाच टाकीत असतात.

बांध्यावरून त्यांचे दोन गट करा. कॉमेट, साधा गोल्डफिश, शुबुंकिन हे लांब अंगाचे, एका शेपटीचे. ते फूटभर वाढतात आणि दिवसभर पळतात; त्यांना तळं किंवा निदान चार-पाच फुटी टाकी हवी. फॅनटेल, रयुकिन, ओरांडा, ब्लॅक मूर, रांचू, पर्ल स्केल हे अंडाकृती, दुहेरी शेपटीचे, डुलत डुलत पोहणारे. हे दोन गट एकत्र ठेवले तर काय होतं ते जेवणाच्या वेळी बघा. दाणे पाण्यावर पडले की शुबुंकिन वर झेपावतो, दोन हिसक्यांत निम्मे दाणे संपवतो. ओरांडाला वळायलाच तेवढा वेळ लागतो. मूर तर दाणा दिसून नाही, वासावर शोधतो. नाकासमोरून तरंगत गेलेला दाणा त्याच्या मागून कॉमेट उचलतो. महिन्या-दोन महिन्यांत एक फुगत जातो आणि दुसऱ्याची पाठ, डोक्यामागचा भाग, बसत जातो. भांडण कुठे दिसत नाही, कुणी कुणाला चावत नाही, म्हणून मालकाला पत्ताच लागत नाही.

अंडाकृती गटातही थोडा विवेक लागतो. रयुकिन अंगाने गोल असला तरी दांडगा, खाण्याच्या वेळी ढकलून देणारा. बबल आय आणि वर वळलेल्या डोळ्यांचा सेलेस्टियल यांना फक्त त्यांच्यासारख्यांबरोबरच ठेवावं. बबल आयच्या डोळ्याखालची पिशवी फिल्टरच्या तोंडाशी किंवा प्लास्टिकच्या झाडाच्या टोकावर फाटते. पर्ल स्केल नाजूक. तुमच्या टाकीसाठी माझी निवड दुसरा ओरांडा, मुलांना रंग हवेत म्हणून ठिपक्यांचा कॅलिको ओरांडा, किंवा साधा फॅनटेल. आताच्या ओरांडाच्या डोक्यावरची मांसल टोपी वाढत जाऊन डोळ्यांवर येऊ लागते, म्हणजे त्याचीही नजर पुढे कमी होणार. त्यामुळे आणखी एक संथ मासाच शोभतो. नवा मासा तुमच्या माशांच्या निम्म्याहून लहान नको आणि दीडपटीहून मोठा नको.

नर-मादीकडेही लक्ष द्या. मोठ्या नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेला बारीक पांढरे कण उठतात. लोक त्याला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग समजून औषध ओततात. रोगाचे ठिपके अंगभर, शेपटीवर, कुठेही असतात. हे कण ठरलेल्या जागी, ओळीत बसलेले दिसतात. थंडी सरून पाणी तापू लागलं की नर मादीच्या मागे लागतात, तिला पोटाशी ढुशा देतात. एक मादी आणि दोन-तीन नर असतील तर ती थकून जाते, तिचे खवले निघतात. तुमचे दोघं नर निघाले तर तिसरी मादी आणू नका. तिसराही नर आणा, किंवा टाकी मोठी असेल तर दोन माद्या.

नऊ माशांबद्दल घरातल्या मोठ्यांशी असं बोलून बघा. त्यांच्या श्रद्धेत मी पडत नाही, मी पाण्याचा हिशोब देते. नऊ फॅन्सी गोल्डफिशना ४०० लिटर तरी पाणी हवं. म्हणजे ५ × २ × दीड फूट अशी टाकी. तिच्यातलं पाणीच ४०० किलोच्या वर, शिवाय काच, खडी आणि स्टँड. फ्लॅटमध्ये ती कुठे ठेवायची हे आधी इंजिनिअरला विचारावं लागेल. काळा मासा तुमच्याकडे आहेच. घरात आणलेले मासे मरत राहणं कुणालाच शुभ वाटत नाही, तेव्हा थोडे पण धडधाकट ठेवू या, यावर बहुतेक घरांत एकमत होतं.

काय करायचं ते आता क्रमाने सांगते. ३ × दीड × दीड फुटांची टाकी घ्या. तीत १९० लिटर बसतात, हाताशी १६० धरा. तिघं आरामात राहतील. फिल्टर तासाला टाकीच्या पाच-सहापट पाणी फिरवेल असा घ्या, पण पाण्याचा झोत काचेवर किंवा आडव्या नळीतून पसरून पडू द्या. मूरला जोराच्या प्रवाहात दिवसभर झगडावं लागू नये. जुन्या फिल्टरमधला स्पंज धुऊन टाकू नका, तो तसाच नव्या फिल्टरमध्ये घाला. अमोनिया पचवणारे जिवाणू त्यातच असतात आणि नव्या टाकीत ते तयार व्हायला एरवी महिना-दीड महिना जातो. आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदला, नळाच्या पाण्याला अँटिक्लोरीनचे थेंब विसरू नका. मेमध्ये पाणी ३० च्या वर गेलं तर टाकीचं झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा, दोन अंश तरी उतरतात. ठाण्याच्या दमट हवेत पुण्यापेक्षा कमी उतरतील.

तुमचे मासे मोठ्या टाकीत रुळले की जुनी दोन फुटी टाकी रिकामी होईल. नवा गोल्डफिश आधी तिथे ठेवा, निदान चार आठवडे. त्याच्याच जातीचे रोग त्याच्याबरोबर येतात, म्हणून हा टप्पा गाळायचा नाही. पश्चिम बंगालमधल्या शोभिवंत माशांच्या फार्मवर गोल्डफिशचा हर्पिस विषाणू सापडलेला आहे. त्यावर औषध नाही आणि वेगळं ठेवण्याइतका दुसरा बचाव नाही. विषाणू नसला तरी कल्ल्यांतले फ्लूक नावाचे बारीक कृमी, पांढरे ठिपके, दोऱ्यासारखा लोंबणारा अँकर वर्म, अंगावर चपटी उवेसारखी फिरणारी आर्ग्युलस हे सगळं दुकानाच्या पाण्यातून येतं. चार आठवड्यांत मासा अंग खडीवर घासतो का, एकच कल्ला उघडझाप करतो का, पर मिटून बसतो का, हे रोज बघा. दुकानाचं पाणी पिशवीतून टाकीत ओतू नका. जाळी आणि नळीही दोन्ही टाक्यांना वेगळी ठेवा.

नव्याला मोठ्या टाकीत सोडाल त्या दिवशी आधी जुन्यांना खायला घाला, सजावट थोडी हलवून जागा बदला आणि दिवा बंद ठेवा. पहिले काही दिवस पाण्यात बुडणारे दाणे दोन-तीन ठिकाणी टाका, म्हणजे मूरलाही मिळतील. दाणे टाकण्याआधी दहा मिनिटं भिजवले तर उत्तम. टाकीत ॲझोला किंवा डकवीड या तरंगत्या पाणवनस्पती सोडा. गोल्डफिश ते दिवसभर कुरतडतात आणि एकमेकांच्या शेपटीकडे कमी वळतात.

सकर आधीच आणला असेल तर तो दुकानात परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाला तरी द्या. खाडीत, तलावात, नदीत सोडू नका. उजनीच्या जलाशयात हे मासे वाढलेत, मच्छीमारांच्या जाळ्यात तेच येतात, जाळी फाडतात, आणि बाजारात त्यांना किंमत नाही. घरातून सोडलेले एक-दोन मासे असेच वाढत जातात.

मुलांच्या रंगीत माशांचंही जमेल. नवा गोल्डफिश मोठ्या टाकीत गेला की दोन फुटी टाकी मोकळी होते. ती नीट धुऊन, वाळवून, मोठ्या टाकीच्या फिल्टरमधला थोडा स्पंज घालून पुन्हा सुरू करा आणि मुलांना त्यात गप्पी ठेवू द्या. ठाण्याच्या तापमानात गप्पींना हीटरशिवाय वर्षाचा बराच काळ छान मानवतं, आणि चाळीस-पंचेचाळीस लिटरमध्ये दहा-बारा गप्पी सुखात राहतात. नुसते नर घ्या: रंग त्यांच्याच अंगावर असतात, आणि माद्या आणल्या तर तीन महिन्यांत पिल्लं कुणाला द्यायची हा प्रश्न घेऊन तुम्ही पुन्हा मला विचाराल.